बेथनीपाऱ्याची उपदेशिका

कार्तिक सरत आला असताना समुद्राच्या बाजूने आभाळ चढून आले, आणि ते नेमके अशा आठवड्यात आले की ज्यात बेथनीपाऱ्यातील निम्मे धान कापून बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, आडवे पडलेले होते. उभे धान पाऊस सोसते. कापलेले सोसत नाही. कापलेल्या मुठी ओळीने पसरून ठेवतात, त्यांना कडपा म्हणतात. या कडपांना दोन दिवस कडक ऊन मिळाले तर भारे बांधता येतात, आणि दोन दिवस ओल मिळाली तर दाणा लोंबीतच कोंब धरतो. म्हणून त्या सोमवारी पाऱ्यातली सगळी माणसे आभाळाकडे न पाहता कंबरेत वाकून कडपा उलथीत होती. आभाळाकडे पाहण्यात वेळ जातो, आणि पाहिल्याने ते हटते असा कोणाचा अनुभव नव्हता.

नवा रायपूरचे रुंद रस्ते जिथे संपतात आणि लाल मुरूम सुरू होतो, तिथून चार किलोमीटर आत ही अठरा घरांची ख्रिस्ती वस्ती आहे; वस्तीला तिकडे पारा म्हणतात. शंभर वर्षांपूर्वी कुष्ठाश्रमाच्या शेतीवर राबण्यासाठी वऱ्हाडातून काही कुटुंबे मिशनऱ्यांबरोबर आली. पुढे मिशन गेले, आश्रम मोडला; शेती राहिली, कौलारू चर्च राहिले आणि घराघरातून मराठीही राहिली, जरी नवी पोरे तिला हिंदीत उत्तर देत असली तरी.

मंदाकिनीच्या बोटांना कडपांच्या धारेने चिरा पडल्या होत्या. चव्वेचाळीस वर्षांची ही बाई पाऱ्याची मितानिन होती. म्हणजे घरोघर फिरून गरोदर बायकांची नोंद ठेवणे, पोरांना लसीला नेणे आणि क्षयाच्या रोग्याला आपल्यासमोर गोळी गिळायला लावणे, ही सरकारने दिलेली कामे ती शेती सांभाळून करीत असे. तिच्या शेजारी कमला वाकली होती. कमला साठीची विधवा. तिच्या जिभेला पाऱ्यातले पंचही वचकून असत.

बांधावर मोटारसायकल थांबली. मंदाकिनीचा नवरा विशाल नवा रायपुरात एका कार्यालयाची गाडी चालवीत असे. दुपारीच तो परत आला, याचे दोघींना नवल वाटले. त्याने खिशातून लिफाफा काढला.

"शहरातल्या ऑफिसातून आलं हाये. पंचायले द्यायचं हाये, पण म्हटलं तू आधी वाच."

पत्र चर्चच्या जिल्हा मंडळाचे होते. बेथनीपाऱ्याचे पाळक बदलून गेल्याला सात महिने झाले होते, आणि नवे पाळक मिळण्यासारखे नाहीत, असे मंडळाने स्पष्ट कळवले होते. प्रभुभोजनाच्या विधीसाठी महिन्यातून एकदा शहरातले पाळक येतील. बाकीच्या रविवारी शिकवण्यासाठी पाऱ्यातल्या उपासकांच्या मंडळीने आपल्यातूनच मंडळाची परीक्षा उत्तीर्ण झालेली एक व्यक्ती, स्त्री अथवा पुरुष, निवडावी. हंगामाच्या सणापूर्वी नाव आले नाही, तर बेथनीपाऱ्याची रविवारची उपासना बंद होऊन मंडळी शहरातल्या चर्चला जोडली जाईल. सण तेरा दिवसांवर होता. शहर अठ्ठावीस किलोमीटरवर होते, आणि पाऱ्यातल्या ज्या माणसांना चर्चची सर्वांत अधिक गरज होती त्यांना बसच्या थांब्यापर्यंतही चालवत नव्हते.

"मंग झालं तर," कमला म्हणाली. "परीक्षा तुनं पास केली. बाकीच्यायनं जनगणनेचा फारम भरला, तोही तुलेच विचारून."

विशाल हसला नाही. "बाबा नाई म्हणतीन."

"अन् तुमी?" मंदाकिनीने विचारले.

त्याने हेल्मेट या हातातून त्या हातात घेतले. "मले काय. मी गाडी चालवतो."

तिने पत्र घडी करून कमरेला खोचले आणि पुन्हा वाकली. तीन वर्षे टपालाने येणारे धडे तिने स्वयंपाकघरात पूर्ण केले होते. परीक्षेला ती अंगावर ताप असताना रायपूरला गेली होती. ती जागा आपल्याला हवी आहे, हे तिने अद्याप कोणापाशी म्हटले नव्हते. परंतु हवी होती; आणि आता ती कागदावर लिहिलेली पाहिल्यावर आपण ती आजवर किती काळजीपूर्वक न मागता राहिलो, हेही तिच्या ध्यानात आले.

*

तिचे सासरे श्यामराव हे मंडळीचे थोरले पंच होते. पाळक गेल्यापासून रविवारचा उपदेश तेच करीत. बहात्तर वर्षांचा, ताठ मानेचा, बोलण्यात मोजका असा हा मनुष्य चर्चमधल्या चौथऱ्यावर उभा राहिला म्हणजे बायबल, ज्याला पाऱ्यात शास्त्र म्हणत, उघडून समोर ठेवी; पण त्यात पाहत नसे. सगळे तोंडपाठ आहे, असे लोक कौतुकाने म्हणत.

सभा बुधवारी चर्चमध्ये भरली. दिवसभर भुरभुर पाऊस पडून गेला होता आणि प्रत्येकाच्या पायाला चिखल होता. पुरुष प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले, बायका चटईवर. ही विभागणी कोणी ठरवलेली नव्हती, म्हणूनच ती मोडणे कठीण होते. मंदाकिनी आत येताच भार्गव मास्तर उठून उभे राहिले.

"बाई, तुम्ही जरा बाहेर थांबा. ज्याच्याविषयी चर्चा असते तो सभेत बसत नाही, अशी रीत आहे."

ती उंबऱ्यात थांबली. पागोळीचे पाणी तिच्या पाठीवर पडत होते. आपण बाहेर जावे की आत यावे, याचा निर्णय होईपर्यंत चाळीस माणसे आपल्याकडे पाहत आहेत, हे तिला त्वचेवर कळत होते.

"तुमची सेक्रेटरीची निवड झाली तवा तुमी मधात खुर्ची टाकून बसले होते, मास्तर," कमला चटईवरून म्हणाली. "चहा बी दोनदा घेतला होता. मीच आणला."

कोणी तरी खोकल्यात हसू लपवले. मास्तर म्हणाले, "ते खरं आहे. या बाई, बसा."

भार्गव मास्तरांविषयी एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे, ती अशी की ते दुष्ट नव्हते. पाऱ्यातल्या तीन पिढ्यांना अक्षरओळख त्यांनी करून दिली होती. निवृत्त झाल्यावर रोज पहाटे ते शास्त्र वाचीत, आणि वाचलेले पाळण्याचा प्रयत्न करीत. पाऱ्यात असे करणारे फार नव्हते. त्यांचा विरोध मंदाकिनीला नव्हता. त्यांना भय होते, आणि ते भय त्यांनी नीट शब्दांत मांडले.

"प्रेषित पौलाने तरुण शिष्याला पाठवलेल्या पत्रात हा विषय स्पष्ट केलेला आहे. मंडळीत स्त्रीने शिकवू नये, पुरुषावर अधिकार गाजवू नये. ही ओळ मी लिहिलेली नाही. ती मला आवडते की नाही, हा प्रश्न नाही. आज ही ओळ गैरसोयीची म्हणून बाजूला ठेवली, तर उद्या दुसरी ठेवाल. मग आपल्या हातात उरेल काय?"

खुर्च्यांवर माना हलल्या. हे बोलणे खरोखरच वजनदार होते.

मंदाकिनी उभी राहिली. "मास्तर, त्याच पत्रात, त्याच्याच वरच्या ओळीत बायकायनं केस गुंफू नये, सोनं घालू नये, असंही हाये. आपल्या चर्चमधी लग्न लागते तवा नवरी सोनं घालूनच येते. तिले कोणी दारात अडवलं नाई."

"ते त्या काळच्या थाटामाटाविषयी होतं."

"असन. मंग वरची ओळ त्या काळची, अन् खालची सर्व काळची, ही रेघ मधात कोणं ओढली? पौलानं त ओढली नाई."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. विद्यार्थ्याने चांगला प्रश्न विचारला की ते असेच करीत. "खालच्या ओळीला त्याने कारण दिलं आहे. आदाम आधी घडला, हव्वा नंतर, असं सृष्टीचं कारण. केसांच्या ओळीला ते कारण दिलेलं नाही. फरक आहे."

"हाये," ती म्हणाली. "फरक हाये, हे मी मानते. पण त्याच पौलाच्या कामात प्रिस्किल्ला नावाची बाई होती. तिनं अपुल्लोसासारख्या विद्वानाले घरी नेऊन त्याचं चुकलेलं नीट करून देल्लं. पौल तिचं नाव घेऊन तिले सलाम पाठवते."

"घरी," मास्तर म्हणाले. "आणि नवऱ्याबरोबर. मंडळीत नव्हे."

"तवा मंडळी घरातच भरत होती, मास्तर. हे कौल नंतर चढले."

"येशूच्या बारा शिष्यांत एकही बाई नव्हती."

"त्यायच्यात एक बी शेतकरी नव्हता," कमला म्हणाली. "बरेच मच्छी पकडणारे होते. इथं कोण मच्छी पकडते, सांगा. श्यामरावभैया पकडते का?"

या वेळी हसू कोणी लपवले नाही. श्यामराव मात्र हसले नाहीत. आतापर्यंत ते काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून स्तब्ध बसले होते.

"तमाशा नको," ते म्हणाले. "मी माझं सांगतो. सून माझी हाये. ते हुशार हाये, हे मले तुमच्यापेक्षा जास्त माहीत हाये. पण माझ्या घरची बाई चौथऱ्यावर उभी राहीन अन् मी खाली बसून मान हालवीन, हे मले पटत नाई. रविवारी उपासना झाल्यावर घराघराचं मत घ्या. आज बस."

परतताना मंदाकिनी त्यांच्या चार पावले मागे चालली. मास्तरांच्या युक्तिवादाचा तिला राग आला नव्हता, कारण तो युक्तिवाद होता. सासऱ्यांनी कोणताच युक्तिवाद केला नव्हता.

*

गुरुवारी ऊन पडले. शुक्रवारी त्याने जोर धरला. शनिवारी सकाळी घरच्यांनी कडपा उचलून भारे बांधले, आणि मंदाकिनी, विशाल व रायपूरहून सुटीला आलेली त्यांची मुलगी ज्ञानदा यांनी ते डोक्यावरून खळ्यात आणले. खळ्याला तिकडे ब्यारा म्हणतात. दोन बांध्यांतल्या लोंब्यांना कोंब आले होते. बाकीचे धान वाचले. दुपारपर्यंत पुंजणे, म्हणजे भाऱ्यांची रास, डोक्याइतके उंच झाले. ज्ञानदा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, तिने आजोबांच्या डोळ्यांसमोर बोट धरून पाहिले आणि म्हणाली, "दादाजी, मोतियाबिंद पक गया है. अब तो ऑपरेशन करा लो."

"धान झाल्यावर."

"हर साल यही बोलते हो."

ती आंघोळीला गेली. श्यामराव सावलीत बसून पेंढ्याचे बंद वळू लागले. हे काम हातांना पाठ असते; डोळे लागत नाहीत. मंदाकिनीने हात धुतले, पदर सारखा केला आणि शास्त्र घेऊन समोर बसली. सात महिने दर शनिवारी हे असेच चालत आले होते. ती वाची, अर्थ सांगे, ते मधून मधून विचारीत, दोन वेळा म्हणवून घेत. आणि रविवारी चौथऱ्यावरून तेच सांगत. या गोष्टीविषयी घरात कोणी कधी बोलले नव्हते, आणि घराबाहेर ती कोणाला ठाऊक नव्हती.

आज तिने पुस्तक उघडले नाही.

"मामाजी, एक विचारू?"

"विचार."

"मी हे तुमाले वाचून सांगते, हे शिकवणं होय का नाई?"

बंद वळणारी बोटे थांबली नाहीत. "हे घर होय."

"अन् उद्या तुमी हेच चर्चमधी सांगान, तवा ते कोणाचं राहीन?"

"देवाचं."

तिला इच्छा नसताना हसू आले. "देवाचंच हाये त मंग उभं कोण राहते, याचं तुमाले इतकं काहून?"

 एक बंद पुरा करून त्यांनी बाजूला टाकला आणि दुसरा घेतला.

"लोक म्हणतीन, बुढा आंधळा झाला, म्हणून सुनेनं जागा घेतली," ते म्हणाले. "डोळ्याचं मी कोणाले सांगतलं नाई. पंचाले दिसत नाई म्हटलं का उद्या सही करताना कागद हातातून काढून घेतीन. मग बांधी मोजताना. मग बोलताना. तुले नाई समजणार."

तिला समजले. समजल्यामुळेच तिचे काम अवघड झाले. आज वाचले नाही, तर उद्या हा मनुष्य चाळीस जणांपुढे मुका उभा राहील, आणि मग मत मागण्याची गरजही उरणार नाही. हा विचार तिच्या मनात आला, आणि तो आला याची तिला लाज वाटली नाही. तो तिने पुरता तपासून पाहिला. नंतर तिने पुस्तक उघडले. ऐकायला येणाऱ्यांत सकाळी गोळी घेताना ओकारी येणारा एक क्षयाचा रोगी होता, सुनेने जेवण तोडलेली एक म्हातारी होती. त्यांना उपाशी ठेवून आपले म्हणणे सिद्ध करणे तिला जमण्यासारखे नव्हते.

उतारा ख्रिस्ताच्या ठायी मुळावण्याविषयी होता. तिने तो वाचला आणि मग, सवयीप्रमाणे, आपल्या कामातले उदाहरण घेतले. "रोवणीसारखं हाये, मामाजी. रोप उपटून आणलं का त्याचं मूळ उघडं पडते. ते अंगठ्यानं चिखलात दाबा लागते, पण बेतानं. जास्त दाबलं त सडते, कमी दाबलं त तरंगते. आठ दिवस ते पिवळं पडते. मेल्यासारखं दिसते. तवा उपटून पाहायचं नाई. अन् रोवणारी जे राहते, ते मागं मागं सरकत जाते; पाय चिखलातून काढताना कंबरेत कळ येते, नखं आठ दिवस दुखतात. समोरचं तिले दिसत नाई, मागचा बांध बी दिसत नाई. जेवढं लावलं तेवढंच फक्त तिच्या डोळ्यापुढं राहते. त्याच्यावरच ते सरळ ओळ धरते."

"हे चांगलं हाये," श्यामराव म्हणाले. "पुन्हा सांग."

*

रविवारी चर्च भरले होते, कारण मत द्यायचे होते. श्यामराव तीन पायऱ्या चढून चौथऱ्यावर उभे राहिले. त्यांनी शास्त्र उघडून समोर ठेवले आणि समोरच्या भिंतीकडे पाहत बोलू लागले. उतारा त्यांनी बिनचूक म्हटला. आवाज चांगला होता. ते मुळांविषयी बोलले, आणि मग रोवणीवर आले.

"अंगठ्यानं दाबा लागते," ते म्हणाले, "पण बेतानं. जास्त दाबलं त सडते. आपण मागं मागं सरकतो. पाय चिखलातून काढताना कंबरेत कळ येते. नखं आठ दिवस दुखतात. पुढचं काही दिसत नाई. जेवढं लावलं तेवढंच डोळ्यापुढं राहते—"

बायकांच्या चटईवर काही तरी हलले. त्या मुलखात रोवणी बायकाच करतात. पुरुष नांगरतात, चिखल करतात, रोपांच्या जुड्या बांधावर आणून फेकतात. पण वाकून रोप लावणारा पुरुष बेथनीपाऱ्यात कोणी पाहिलेला नव्हता. नखे दुखतात हे कोणत्याही पुरुषाला ठाऊक नव्हते, कारण कालपर्यंत हे कोणत्याही बाईने कोणत्याही पुरुषाला सांगितले नव्हते. तसे सांगण्यासारखे ते दुखणे मोठे नव्हते.

"श्यामरावभैया," कमला म्हणाली, आणि या वेळी तिच्या बोलण्यात खोडी नव्हती, केवळ आश्चर्य होते. "तुमी कोन्या वर्षी रोवणी केली?"

प्रथम एक मुलगी हसली. मग चटई हसली, आणि शेवटी खुर्च्याही. ते हसू कठोर नव्हते. पण श्यामरावांच्या डोक्यातला धागा त्याने तोडला. ते थांबले. पुस्तकावर वाकले. पान उलटले. पानावर त्यांना जे दिसत होते ते पांढऱ्या धुक्यापलीकडे काही नव्हते, आणि आता हे मागच्या रांगेतल्या माणसालाही कळू लागले, कारण पुस्तक पाहणारा मनुष्य ज्या अंतरावर नाक नेतो त्याच्याही आत त्यांचे नाक गेले होते. हसू आपोआप बंद झाले.

मंदाकिनीच्या ओठांवर पुढचे वाक्य होते. ते तिने गिळून ठेवले. हाक मारल्याशिवाय ते देणे म्हणजे त्यांच्या हातातून कागद काढून घेणे होते.

 श्यामरावांनी पुस्तक मिटले. त्यांचा हात कठड्यावर चाचपडत राहिला.

"सूनबाई," ते म्हणाले. "पुढं काय हाये?"

ती बसल्या जागेवरून म्हणाली, "पिवळं पडलं तरी उपटून पाहायचं नाई."

"पिवळं पडलं तरी उपटून पाहायचं नाई," त्यांनी सवयीने म्हटले, आणि मग मान हलवली. "नाई. असं नाई होत. ऐका. मले सात महिन्यापासून वाचता येत नाई. मोतीबिंदू हाये दोन्ही डोळ्यात. जे काई मी इथून सांगतलं, ते शनिवारी यीनं मले सांगतलं. तुमी म्हणत होते, श्यामरावाले कसं सुचते. मले सुचत नव्हतं. यीले सुचत होतं." त्यांनी श्वास घेतला. "मंडळीत बाईनं शिकवावं का नाई, हे मास्तर सांगतीन. पण सात महिने तुमाले बाईनंच शिकवलं. तुमी उठून गेले नाई. मी बी नाई."

ते पायऱ्या उतरू लागले. तिसरी पायरी त्यांना सापडेना. पुढच्या खुर्चीवर बसलेला विशाल उठला आणि त्याने बापाचा दंड धरला, आणि बापाला खुर्चीत बसवल्यावर, चाळीस माणसांसमोर, तो बायकोकडे वळून म्हणाला, "जाय ना. अर्धं राह्यलं हाये."

त्या दिवशी ती चौथऱ्यावर चढली नाही. मत अजून व्हायचे होते, आणि मताआधी जागा घेणे तिला चोरीसारखे वाटले. चटईवर उभी राहून तिने उरलेला अर्धा उपदेश पुरा केला आणि खाली बसली.

मते नंतर घेतली. अठरा घरांपैकी अकरांनी होय म्हटले, पाचांनी नाही म्हटले, दोघांनी काहीच म्हटले नाही. प्रभुभोजन शहरातले पाळकच देतील, हे पत्रातच होते. एका घराने सुचवले की बाईंनी शिकवावे, परंतु खालून शिकवावे. त्यावर कमला म्हणाली की खालून शिकवले तर मागच्या खुर्च्यांवर झोपणाऱ्यांची सोय होईल, आणि ती सूचना मागे पडली. भार्गव मास्तरांनी विरोधात मत दिले. सेक्रेटरी म्हणून निकालही त्यांनीच, स्वच्छ अक्षरात, एकही खाडाखोड न करता लिहिला आणि मंडळाला पाठवायचे पत्र मंदाकिनीकडून तपासून घेतले.

"माझं मत बदललेलं नाही, बाई," ते म्हणाले.

"माहीत हाये, मास्तर."

"फक्त ठरलेलं आहे, ते ठरलेलं आहे."

*

हंगामाच्या सणाला बायकांनी चौथऱ्याभोवती नव्या धानाच्या लोंब्या बांधल्या. भोपळे, तूर, टोपलीभर टमाटे, एक जिवंत कोंबडा, असे प्रत्येकाने आपल्या शेतातले काही आणून ठेवले होते. श्यामराव रायपूरला जाऊन एका डोळ्याचे ऑपरेशन करून आले होते. डोळ्यांवर हिरवा चष्मा होता. ज्ञानदा त्यांच्याजवळ बसली होती आणि थेंब घालायची वेळ घड्याळात पाहत होती.

भार्गव मास्तर येणार नाहीत, असे पाऱ्यात बोलले जात होते. नाही म्हणणाऱ्या पाच घरांपैकी तीन आली नव्हती. मास्तर आले. ते पहिल्या रांगेत बसले, आणि त्यांनी पिशवीतून वही व पेन काढले.

मंदाकिनी पायऱ्या चढली. वर उभे राहिल्यावर तिला प्रथम एवढेच जाणवले की येथून सगळ्यांच्या डोक्याचे केस दिसतात. तिने उतारा वाचला. कापणी करताना शेताचे कोपरे कापू नका, गळालेल्या लोंब्या वेचू नका, ते गरिबाला आणि परक्याला राहू द्या, असा मोशेच्या नियमातला तो भाग होता. तिचा आवाज पहिली दोन वाक्ये बारीक लागला; मग ती क्षयाच्या रोग्याला गोळी गिळ म्हणून सांगते तो आवाज आला आणि सगळे सोपे झाले. कोणाच्या बांधीचा कोपरा यंदा कोणी सोडला होता, हे तिने नाव घेऊन सांगितले. कोणी सोडला नव्हता, हे सांगितले नाही. तरी दोघांनी मान खाली घातली.

तेवढ्यात भार्गव मास्तर उभे राहिले. उपदेश चालू असताना उभे राहण्याची रीत नव्हती. विशालची मान ताठ झाली. कमलाने चटईवर बसल्या बसल्या पदर खोचला.

"एक शंका आहे," मास्तर म्हणाले.

"विचारा, मास्तर."

"हा नियम शेतमालकाला आहे. आपल्या पाऱ्यातली सहा घरं दुसऱ्याचं शेत बटईने करतात. अर्धं धान मालकाचं. त्याने कोपरा सोडला, तर तो स्वतःचा सोडतो की मालकाचा? मालकाला न विचारता सोडला, तर ते दान होईल की चोरी?"

 प्रश्न अडवण्यासाठी विचारला आहे की खरोखर विचारला आहे, हे मास्तरांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हते. कदाचित त्यांनाही ते कळत नसावे. बटईने करणारी सहा घरे मात्र पुढे वाकली होती. त्यांना उत्तर हवे होते.

मंदाकिनीने पुस्तकाकडे पाहिले, मग त्या सहा घरांकडे. वेळ मारून नेण्यासारखी दोन उत्तरे तिच्याजवळ होती. दोन्ही तिने बाजूला ठेवली.

"हे मले माहीत नाई, मास्तर," ती म्हणाली. "मी याचा विचारच केला नव्हता. पाहा लागन. पुढच्या रविवारी सांगते."

मास्तर उभेच होते. त्यांनी वहीत प्रश्न लिहिला, त्याच्या खाली तारीख घातली आणि उत्तरासाठी अर्धे पान कोरे सोडले. मग पेनाचे टोपण लावता लावता ते म्हणाले, "पुढच्या रविवारी मी रायपूरला मुलाकडे जाणार होतो, समता कॉलनीत."

त्यांनी कोऱ्या अर्ध्या पानाकडे पाहिले.

"सोमवारी जाईन," ते म्हणाले, आणि बसले.